आधी फॉर्म, मग सुई

सकाळी पावणेसातला बेल वाजते. खांद्याला पेटी अडकवलेला लॅबचा मुलगा आत येतो, कोचाच्या कडेला टेकतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "काही खाल्लंय का सर?" "छे, काहीच नाही. नुसता चहा घेतला." पेटी उघडायच्या आधीच बंद होते. आयुर्विम्याच्या तपासणीसाठी घरोघर फिरणाऱ्या मुलांना हा संवाद तोंडपाठ असतो. चहाला आपल्याकडे खाण्यात धरत नाहीत, पिण्यातही धरत नाहीत. पण अर्धा कप दूध-साखर पोटात गेली की रक्तातली साखर 'उपाशीपोटी' म्हणून नोंदवता येत नाही. झालं, पुन्हा तारीख, पुन्हा फोनाफोनी.

अशी एक फेरी वाया गेली तर नुकसान एका सकाळचं. त्याहून फार महाग पडणाऱ्या चुका सुई टोचायच्या कितीतरी आधी, प्रपोजल फॉर्म भरताना होतात. त्या चुका विमेदाराला कधी कळतच नाहीत. कळतात त्या त्याच्या बायकोला किंवा आईला, क्लेमचा कागद हातात घेऊन ती कंपनीच्या खिडकीशी उभी राहते तेव्हा.

'मेडिकल' कुणाला लागतं, हे प्रामुख्याने वय, विम्याची रक्कम आणि फॉर्ममध्ये सांगितलेल्या आजारांवर ठरतं. तिशीतल्या निरोगी माणसाची छोटी पॉलिसी बहुधा तपासणीशिवाय, एजंटांच्या भाषेत 'नॉन-मेडिकल', निघते. पन्नाशीत मोठ्या रकमेचा टर्म इन्शुरन्स मागितला की यादी लांबते: पॅनल डॉक्टरांची तपासणी, रक्त, लघवी, ईसीजी, कधी छातीचा एक्स-रे, कधी ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी. डॉक्टर आणि लॅब कंपनीने ठरवलेली असते. घरच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं 'प्रकृती उत्तम' तिथे चालत नाही. खर्च साधारणपणे कंपनीच करते. म्हणूनच कोणत्या चाचण्या होणार आहेत हे विचारायचं बरेच जण राहू देतात. ते आधीच विचारून घ्यावं, कारण तयारी चाचणीनुसार बदलते.

फॉर्म भरायची आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. एजंट ओळखीतला असतो, बहुतेक वेळा नात्यातलाच. "दादा, या चार ठिकाणी सह्या करा, बाकीचं मी बघतो." आणि तो खरंच बघतो! 'गेल्या पाच वर्षांत रुग्णालयात दाखल होता का', 'रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का', 'अन्य कंपनीची पॉलिसी आहे का' या सगळ्या प्रश्नांपुढे सरळ रेषेत 'नाही, नाही, नाही' लिहून मोकळा होतो. अनेकदा फॉर्म इंग्रजीत असतो आणि सही मराठीत. मजकूर आपल्या भाषेत समजावून सांगितला गेला, असं प्रतिज्ञापत्रही त्याच फॉर्मवर असतं. त्यावरची सही त्या चारांतलीच एक.

या सहीची किंमत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात सांगितली आहे. विमेदाराने दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीकडून पॉलिसी घेतली होती. नव्या फॉर्ममध्ये मात्र तिचा उल्लेख नव्हता. काही महिन्यांतच त्याचा मृत्यू झाला आणि कंपनीने क्लेम नाकारला. न वाचता, न समजता सही केली ही सबब सांगून सही करणाऱ्याला चुकीच्या माहितीच्या परिणामांतून सहसा सुटता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. इथे लपवलेली गोष्ट आजारसुद्धा नव्हती. जुनी पॉलिसी सांगायची राहिली, एवढंच.

"पण कंपनीच्या डॉक्टरनेच तर तपासलं होतं!" हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो आणि तो फार जुना आहे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणातल्या माणसावर १९४३ साली रक्तक्षय, पायांवरची सूज आणि चालताना लागणारी धाप यांवर उपचार झाले होते. विमा घेताना त्याने ते सांगितले नाहीत. कंपनीच्या वतीने डॉक्टरांनी त्याला तपासलं, १९४५ मध्ये पॉलिसी निघाली आणि १९४६ मध्ये तो वारला. तपासणी झाली असली तरी जाणूनबुजून दडवलेल्या माहितीचा दोष धुऊन निघत नाही, असाच त्या निकालाचा अर्थ झाला. पॅनल डॉक्टर नाडी बघतात, वजन घेतात, पोट दाबून बघतात. तीन वर्षांपूर्वीची अँजिओग्राफी त्यांना पोट दाबून कळणार नाही.

आणखी एक प्रकरण २०२० चं. पॉलिसी घेतल्यावर महिनाभरात विमेदार गेला. चौकशीत निघालं की पॉलिसीच्या थोडं आधी त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या, यकृताचा आजार होता, दवाखान्यात दाखलही केलं होतं. फॉर्ममध्ये यातलं काहीही नव्हतं. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. खटल्याच्या काळात आईला मिळून गेलेली रक्कम तेवढी, तिचं वय बघून, परत घेऊ नये असं न्यायालयाने सांगितलं.

याला दुसरी बाजू आहे आणि तीही सांगायला हवी. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कुटुंबाला क्लेम मिळवून दिला. त्यातल्या विमेदाराने कंबरेच्या मणक्याचं दुखणं फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं, पण मृत्यू हृदयविकाराने झाला होता. न सांगितलेल्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नव्हता, ते प्राणघातकही नव्हतं, म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. मात्र हे ऐकून पाठदुखी लपवायला कुणी निघू नये. त्या कुटुंबाला आपल्या हक्काचे पैसे मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ ची कुजबुज एजंटांच्या वर्तुळात नेहमी असते: "तीन वर्षं काढली की कंपनी काही करू शकत नाही." २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम तसंच आहे, तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने बोट ठेवता येत नाही. पण ही तीन वर्षं पॉलिसी निघाल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्यापासून किंवा रायडर म्हणजे जादा संरक्षण जोडल्यापासून, यांतली जी तारीख शेवटची असेल तिथून मोजतात. हप्ता चुकला, पॉलिसी लॅप्स झाली आणि पुन्हा चालू केली की घड्याळ परत शून्यावर. आणि ज्याला आजार आहे म्हणून तो लपवावासा वाटतो, त्यालाच पहिल्या तीन वर्षांत धोका जास्त असतो. हा जुगार खेळतो एक आणि हरतं त्याचं कुटुंब.

म्हणून तपासणीची तारीख ठरायच्या आठवडाभर आधी एक फाइल काढावी. कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या वर्षवार लावाव्यात. चालू गोळ्यांची नावं आणि डोस एका कागदावर लिहावेत. 'बीपीची पांढरी गोळी' असं लिहून भागत नाही. आई-वडील आणि भावंडं यांची वयं, कुणाला काय आजार, कोण कितव्या वर्षी कशाने गेलं, हेही विचारून ठेवावं. वडील 'अचानक गेले' एवढंच घरात माहीत असतं. ते पन्नाशीत हृदयविकाराने गेले की ऐंशीत म्हातारपणाने, यावर कंपनीचा हिशेब बदलतो. मुतखडा, थायरॉईड, सिझेरियन, अपघातात बसवलेली सळी, कोविडमध्ये काढलेले दवाखान्यातले दिवस, सगळं लिहावं. सांगण्याजोगं काय आणि किरकोळ काय हे कंपनीने ठरवावं. नियंत्रणात असलेला मधुमेह सांगितला तर बहुधा थोडा जादा हप्ता पडतो, लपवला तर अख्खी रक्कम पणाला लागते.

आता तो उपास. लॅबचं 'उपाशीपोटी' आणि घरातला उपास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकादशीला चालणारी साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, केळं, दूध यांतलं काहीही लॅबला चालत नाही. कोरा चहा नको, लिंबू-मध नको, रात्री भिजवलेल्या मेथ्यांचं पाणीही नको. साधं पाणी हवं तेवढं प्यावं, उलट थोडं जास्तच. शरीरात पाणी असलं की शीर सापडते आणि लघवीच्या नमुन्यासाठी तासभर नळाकडे बघत बसावं लागत नाही. रात्री आठ-साडेआठला साधं जेवण, सकाळी सात-आठला रक्त, म्हणजे दहा-बारा तास होतात. त्यातून ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबीही नीट मोजली जाते. काही जण 'जास्त उपाशी म्हणजे जास्त चांगला रिपोर्ट' अशा समजुतीने दुपारपासूनच जेवत नाहीत. त्याने रिपोर्ट सुधारत नाही, चक्कर मात्र येते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, त्यामुळे ते रक्त देऊन, खाताना घ्यायचं. रक्तदाबाची गोळी बहुधा नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. दोन्ही बाबतींत आदल्या दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करावा. 'गोळ्या बंद करून बघू, काही निघत नसेल तर सांगायलाच नको' हा प्रयोग करणारे महाभाग आहेत. त्यांच्यासाठी कंपन्या एचबीए१सी नावाची चाचणी करतात. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी तीत उमटते. आठ दिवस कारल्याचा रस पिऊन ती फसत नाही. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आकडा हा मधुमेहाचा, ५.७ ते ६.४ हा उंबरठ्यावरचा.

दारू किमान दोन दिवस आधी बंद. ट्रायग्लिसराइड आणि यकृताचे आकडे तिच्यामुळे वर जातात. गटारीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घेणाऱ्याला दोष तरी कुणी द्यायचा? व्यायामाचं थोडं उलटं आहे. तपासणी आली म्हणून दोन दिवस आधी जिममध्ये नाव घालून वजनं उचलणारा माणूस स्वतःचंच नुकसान करतो. जोराच्या व्यायामाने स्नायूंना ताण बसतो आणि यकृताचा समजला जाणारा एसजीओटी वाढतो. मूत्रपिंडासाठी बघतात ते क्रिएटिनिन वर सरकू शकतं, लघवीत थोडं प्रथिनही दिसू शकतं. नेहमीचं चालणं पुरे. ताप, जुलाब, सर्दी-खोकला असेल तर सरळ तारीख पुढे घ्यावी.

रक्तदाबाच्या आकड्यावर सगळ्यात जास्त प्रसंग घडतात. लिफ्ट बंद, तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर, वाटेत वाहतूक, खाली गाडी लावायला जागा नाही, आणि आत पाऊल टाकताच दंडाला पट्टा. आकडा १५० च्या वर गेला तर नवल काय? काही जणांचा दाब तर पांढरा कोट दिसला की चढतो. पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचावं आणि पाच मिनिटं शांत बसू द्या म्हणून सांगावं. त्यात संकोच कसला? मोजायची रीतच ती आहे. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नको, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर टेबलावर टेकवलेला. आधी लघवीला जाऊन यावं, कारण भरलेल्या मूत्राशयाने दाब वाढतो. अर्धा तास आधी चहा-कॉफी आणि तंबाखू नको. मोजणी चालू असताना शेजाऱ्याच्या पार्किंगवर बोलू नये. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगावं. घरी यंत्र असेल तर आठवडाभराच्या नोंदी सोबत न्याव्यात.

तंबाखूबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण महाराष्ट्रातली खरी गोची तिथे आहे. 'धूम्रपान करता का?' या प्रश्नाला माणूस छातीठोकपणे 'नाही' म्हणतो आणि तळहातावर चुना मळतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. ओढणारे होते ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे इथला तंबाखू जळत नाही, चघळला जातो. खेड्यापाड्यात आणि शहरातल्या चाळींतही कितीतरी बायका दातांना मशेरी लावतात आणि त्याला व्यसन म्हणतच नाहीत. राज्यात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा टपरीवर मिळतो हेही सर्वांना ठाऊक आहे.

लॅबला यातला फरक कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. निकोटिन कुठूनही आलं तरी शरीर त्याचं कोटिनिन बनवतं, आणि ते रक्त-लघवीत काही दिवस सापडतं. सिगारेट, विडी, खैनी, मशेरी, तपकीर, सगळ्यांची खूण एकच. सोडण्यासाठी घेतलेल्या निकोटिनच्या च्युइंगमनेही ती उमटते, म्हणून ते चघळत असाल तर आधी लिहून द्यावं. फॉर्ममधला प्रश्नही बहुतेकदा 'कोणत्याही स्वरूपातील तंबाखू' असाच असतो, आणि न घेणाऱ्याच्या कमी दरासाठी सहसा किमान वर्षभर तंबाखू बंद असावा लागतो. चार दिवस पुडी बाजूला ठेवून कोटिनिन शून्यावर आणता येईलही कदाचित. पण फॉर्मवरचं 'कधीच नाही' आणि पुढे कधी दवाखान्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेलं 'वीस वर्षांपासून तंबाखू' हे दोन कागद क्लेमच्या वेळी शेजारी शेजारी ठेवले जातात.

ईसीजीसाठी छाती उघडी करावी लागते. शर्ट किंवा पुढून उघडणारा कुर्ता सोयीचा. स्त्रियांनी तारीख घेतानाच महिला तंत्रज्ञ मागावी, मागितल्याशिवाय ती येईलच असं नाही. पाळीच्या दिवसांत लघवीचा नमुना देऊ नये, त्यात रक्त दिसतं आणि फुकट शंका निघते. गर्भवतीने तसं आधी सांगावं. एक्स-रे आणि ट्रेडमिल तेव्हा होत नाहीत, अनेक कंपन्या प्रस्तावही बाळंतपणापर्यंत पुढे ढकलतात. ट्रेडमिल टेस्ट असेल तर चपला घालून जाऊ नये, पायात बूट हवेत आणि पोटात दोन-तीन तासांपूर्वीचा हलका नाश्ता. त्याच दिवशी उपाशीपोटीचं रक्तही द्यायचं असेल तर रक्त आधी, नाश्ता मग, ट्रेडमिल शेवटी. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढत जातो. दम लागला, छातीत दुखलं तर लगेच सांगावं, तिथे मर्दुमकी दाखवायचं काही कारण नाही.

घरी नमुने घेणार असतील तर आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघावं, आपलंही दाखवावं आणि रक्ताच्या बाटल्यांवर आपलं नाव नीट चिकटवलंय का ते सुई काढल्यावर लगेच पाहावं. त्याने समोर धरलेल्या कोऱ्या कागदावर सही करू नये. एचआयव्हीची चाचणी असेल तर तिच्यासाठी संमती घ्यावीच लागते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा तसं सांगतो, आणि विमागणिती अभ्यासाचा आधार नसताना केवळ या कारणावरून विमा नाकारण्यालाही तो भेदभाव मानतो.

हल्ली पुष्कळदा डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर प्रश्न विचारतात. हा फोन नेमका लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या बैठकीत येतो, आणि माणूस 'नो, नो, नो' म्हणून दोन मिनिटांत उरकतो. ते संभाषण ध्वनिमुद्रित होत असतं. नंतर फोन करा म्हणून सांगावं, मराठीत बोलायचं असेल तर तसं मागावं आणि ती फाइल पुढ्यात घेऊन बसावं. तपासणीनंतर, पण पॉलिसी निघायच्या आधी काही झालं, समजा डेंग्यूने दाखल व्हावं लागलं, तर तेही कंपनीला लेखी कळवायचं असतं. हे फार थोड्यांना माहीत असतं.

निकाल नेहमी पास-नापास असा येत नाही. कधी ठरलेल्या हप्त्यात पॉलिसी निघते, कधी जादा हप्ता म्हणजे लोडिंग लागतं, कधी विम्याची रक्कम कमी करतात, कधी सहा महिन्यांनी या म्हणतात, कधी नाकारतात. लोडिंग म्हटलं की लोकांना अपमान झाल्यासारखं वाटतं. एकोणिसाव्या शतकात तर भारतीय असणं हेच जादा हप्त्याचं कारण होतं. १८७० मध्ये मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा दिला, ही त्या काळी बातमी होती. आजचं लोडिंग निदान स्वतःच्या रक्तदाबावर आणि साखरेवर ठरतं. विमेदाराच्या संमतीशिवाय ते लावता येत नाही आणि त्यामागचं कारण विचारायचा हक्क त्याला आहे. रिपोर्टची प्रतही मागावी. एखादा आकडा विचित्र वाटला तर बाहेर चाचणी करून पुनर्विचारासाठी पाठवता येतो. नकार आला तर दुसऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये तो लिहावा लागतो, म्हणून रागाच्या भरात एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज टाकू नयेत.

पुढे कधी क्लेमवरून वाद झालाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, गोव्याची प्रकरणं पुण्याकडे येतात. वकील लागत नाही, फी नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात.

पण त्या वाटेला जावं लागू नये म्हणून एक काम पॉलिसी आल्या दिवशीच करावं. पॉलिसीसोबत भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत येते. ती उघडून प्रत्येक प्रश्नापुढचं उत्तर वाचावं: आजार, ऑपरेशन, जुन्या पॉलिसी, तंबाखू, वडिलांचं वय. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवस 'फ्री लूक'चे असतात. त्या काळात ती परत केली तर त्या दिवसांपुरता जोखमीचा हप्ता, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून पैसे परत मिळतात. पॉलिसी ठेवायची असेल आणि 'हो'च्या जागी 'नाही' पडलेलं दिसलं, तर दुरुस्ती एजंटला तोंडी सांगू नये. थेट कंपनीला लेखी कळवावी, आणि तिची पोच पॉलिसीलाच टाचून ठेवावी.